वाचकांचे प्रश्न : इंग्रजी भाषेतील भला स्वभाव

प्रश्न : जेन ऑस्टेन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीला, जेनला, 'कँडिड' म्हणते. मनात असेल ते स्पष्टपणे बोलून दाखवणारी व्यक्ती म्हणजे 'कँडिड', असे आम्ही शिकलो आहोत. जेन तर कोणाविषयी वावगा शब्द काढत नाही. मग हे विशेषण तिला उपरोधाने लावले आहे काय?
— इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : उपरोध मुळीच नाही. एलिझाबेथचे म्हणणे सरळ अर्थानेच घ्यावे. बदलला आहे तो शब्द, आणि तोही कादंबरी प्रसिद्ध झाली त्या १८१३ सालानंतर पुष्कळसा. त्या वाक्याचा आशय असा आहे की कँडिडपणाचा आव आणणारी माणसे जागोजागी भेटतात, परंतु दिखावा किंवा हेतू न ठेवता कँडिड असणे, म्हणजे प्रत्येकाच्या स्वभावातील चांगले तेवढे उचलून ते आणखी चांगले करून सांगणे आणि वाईटाविषयी काही न बोलणे, हे एकट्या जेनलाच साधते. शब्दाची व्याख्या लेखिकेने वाक्यातच दिली आहे. आपल्याला ती दिसत नाही, कारण आजचा अर्थ डोक्यात घेऊन आपण वाचायला बसतो. पुढे विकहॅमच्या सांगण्यावरून सारे गाव डार्सीला दोषी ठरवते, तेव्हाही जेनचा सौम्य आणि अढळ 'कँडर', म्हणजे कँडिडपणाच, सर्वांना सबुरीने घ्यायला सांगतो आणि काही गैरसमज झाला असेल अशी शक्यता मांडतो. आजच्या अर्थाने वाचले तर ते वाक्य निरर्थक ठरेल.

शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ शुभ्र, उजळ असा होता. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खास उजळवलेला पांढरा झगा घालून लोकांत फिरत असे, म्हणून तो 'कँडिडेट'. आपल्या निवडणुकीतील उमेदवाराचे इंग्रजी नाव तिथून आले आहे. इंग्रजीत आल्यावर पांढरेपणावरून निष्कलंक मन, आणि निष्कलंक मनावरून इतरांविषयी आकस न बाळगणारी वृत्ती, असा अर्थ विस्तारला. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात 'कँडर'चा अर्थ देताना स्वभावाचा गोडवा सर्वांत आधी मांडला आहे, मनाची शुद्धता आणि मोकळेपणा त्यानंतर येतात आणि दयाळूपणाही त्याच यादीत आहे. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्धची गाऱ्हाणी 'कँडिड' जगापुढे ठेवली आहेत, ती स्पष्टवक्त्या जगापुढे नव्हे, तर मन कलुषित न करता ऐकून घेणाऱ्या जगापुढे.

या अर्थाला तडा कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. ज्याच्या मनात आकस नाही त्याचा न्याय निःपक्षपाती, असे मानले जात होते. परंतु निःपक्षपाती न्याय नेहमी अनुकूलच असेल असे नाही. तेव्हा 'मी कँडिड आहे' असे आधी सांगून पुढे कडू बोलण्याची सोय झाली. शेरिडन यांच्या १७७७ सालच्या 'द स्कूल फॉर स्कँडल' या नाटकात मिसेस कँडर नावाचे पात्र आहे. या बाईंना निंदा मुळीच आवडत नाही, आणि तसे सांगत सांगत त्या गावभरची निंदा पोहोचवतात. १७९८ मध्ये जॉर्ज कॅनिंग यांनी एका उपरोधिक कवितेत उघड शत्रूचे स्वागत केले आणि देवाकडे मागणे मागितले ते 'कँडिड' मित्रापासून वाचवण्याचे. फ्रेंच राज्यक्रांतीविषयी सहानुभूती बाळगणारे, विरोधकांचेही समजून घ्या म्हणणारे जे इंग्रज होते, ते कॅनिंग यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे त्या टोमण्यात राजकारणही भरपूर आहे. पण 'कँडिड फ्रेंड' हा प्रयोग राजकारणाबाहेरही टिकला आणि मैत्रीच्या नावाखाली दोष सांगणारा माणूस असाच त्याचा अर्थ राहिला.

ऑस्टेन या दोन अर्थांच्या उंबरठ्यावर लिहीत होत्या. आव आणणारे पुष्कळ भेटतात, हे एलिझाबेथचे म्हणणे मिसेस कँडरच्या जातीच्या माणसांना उद्देशून आहे. जेनला ती त्यांच्यातून वेगळी काढते. पुढे एकोणिसाव्या शतकात जुना अर्थ मावळत गेला. आज आपल्याकडच्या लग्नांत छायाचित्रकार 'कँडिड' फोटोंचा वेगळा दर लावतात, तेथे मनाच्या शुभ्रतेचा मागमूसही उरलेला नाही. समोरच्याला कळू न देता टिपलेले, एवढाच अर्थ शिल्लक आहे.

प्रश्न : अठराव्या शतकातील इंग्रजी लेखनात 'गुड नेचर' हा थोर सद्गुण मानलेला दिसतो. आज 'गुड-नेचर्ड' म्हणजे फार तर हसतमुख, थट्टा केली तरी न चिडणारा. ही घसरण कधी आणि कशामुळे झाली? 'गुड ह्यूमर' आणि 'टेंपर' या शब्दांचा त्याच्याशी काही संबंध आहे काय?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आधी संबंधाचे सांगतो, कारण ते सोपे आहे. 'ह्यूमर' म्हणजे मुळात ओलावा, शरीरातील द्रव. ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले, आणि युरोपात हे शास्त्र सतराव्या शतकापर्यंत ठामपणे चालले. आयुर्वेदातील वात, पित्त आणि कफ ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. आपणही रागावलेल्या माणसाचे पित्त खवळले असे म्हणतो आणि 'प्रकृती' हा शब्द शरीरासाठी आणि स्वभावासाठी एकसारखाच वापरतो. द्रवांचे प्रमाण जुळलेले असले की माणूस 'गुड ह्यूमर'मध्ये, बिघडले की 'इल ह्यूमर'मध्ये. 'टेंपर' हा शब्द योग्य प्रमाणात मिसळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. लोहार पोलादाला पाणी देतो त्या कामाशीही इंग्रजीत हाच शब्द जोडलेला आहे, कारण तेथेही कठीणपणा आणि चिवटपणा यांचे प्रमाण साधायचे असते. म्हणून 'टेंपर' गमावणे म्हणजे समतोल गमावणे. गंमत अशी की समतोल गमावण्याचा उल्लेख इतक्या वेळा झाला की 'टेंपर' या शब्दालाच राग हा अर्थ चिकटला, आणि 'त्याला फार टेंपर आहे' या वाक्याचा अर्थ मूळ अर्थाच्या बरोबर उलट झाला.

'गुड नेचर'ची कथा मात्र केवळ भाषेची नाही. १६६० मध्ये, यादवी युद्ध आणि क्रॉमवेलची राजवट संपून दुसरा चार्ल्स गादीवर आला, त्या वर्षीच्या सप्टेंबरात चॅन्सेलर एडवर्ड हाइड, म्हणजे पुढचे अर्ल ऑफ क्लॅरेंडन, यांनी संसदेपुढे भाषण केले. राष्ट्राला त्याचा जुना 'गुड ह्यूमर' आणि जुना 'गुड नेचर' परत मिळवून द्या, असे त्यांनी सभासदांना विनवले, आणि हा गुण देवाने या राष्ट्रालाच असा बहाल केला आहे की त्याचे दुसऱ्या भाषेत भाषांतरच होत नाही, असा दावाही केला. दावा अर्थातच राजकीय होता. जवळपास वीस वर्षे एकमेकांचे रक्त सांडलेल्या लोकांना सूड सोडून देण्यास सांगायचे, तर तुम्ही मुळातच भले आहात असे सांगणे हा शहाणपणाचा मार्ग होता. परंतु त्यातून हा शब्द इंग्रजांच्या स्वतःविषयीच्या अभिमानाशी जोडला गेला, तो दीर्घकाळ तसाच राहिला.

दुसरे कारण तत्त्वज्ञानाचे. टॉमस हॉब्ज यांनी १६५१ मध्ये 'लेव्हायथन'मध्ये मांडले की सर्वांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल, तर माणसामाणसांत सततचे युद्धच असते. त्याला उत्तर म्हणून शाफ्ट्सबरी यांच्यासारखे विचारवंत आणि इंग्लंडच्या चर्चमधील उदार धर्मोपदेशक पुढील काही दशके सांगत राहिले की दुसऱ्याच्या सुखदुःखाने हलण्याची वृत्ती माणसात उपजत असते. हेन्री फील्डिंग यांनी १७४३ मध्ये केलेली व्याख्या या सगळ्याचा अर्क आहे. इतरांचे दुःख जाणवणे, इतरांच्या सुखाने आनंदणे, आणि त्यामुळे त्यांचे दुःख कमी व सुख अधिक करण्याकडे मन ओढले जाणे, तेही सद्गुणाच्या सौंदर्याचा विचार न करता आणि धर्माची लालूच किंवा भीती नसताना, म्हणजे 'गुड नेचर'. फील्डिंग यांच्या कादंबरीचा नायक टॉम जोन्स अनेक चुका करतो, तरी लेखक त्याच्या बाजूने उभा राहतो, तो या एका गुणामुळे. नियम पाळणारा, पण आतून कोरडा असलेला त्याचा सावत्र भाऊ ब्लिफिल याच कारणाने खलनायक ठरतो.

घसरणीची बीजे याच व्याख्येत आहेत, असे माझे मत आहे. जो गुण विचाराशिवाय, आपसूक कृती करायला लावतो, त्याच्या विवेकावर भरवसा कसा ठेवायचा? ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांनी हा प्रश्न १७६८ मध्ये 'द गुड-नेचर्ड मॅन' या नाटकात रंगभूमीवर आणला. त्यातील हनीवुड हा कोणालाही नकार देऊ शकत नाही. स्वतःचे सावकार दारात उभे असताना तो दहा गिनी फ्लीट तुरुंगातील एका कर्जबाजारी गृहस्थाला आणि त्याच्या मुलांना पाठवायला निघतो. त्या पैशांनी आपल्याच एका धनकोचे तोंड बंद करावे असे जार्विस नावाचा म्हातारा नोकर सुचवतो, तेव्हा हनीवुड विचारतो की मग त्या मुलांच्या तोंडात काय पडणार? उत्तर हजरजबाबी आहे आणि त्यात दयाही खरी आहे, पण द्यायचे पैसे दुसऱ्याचे आहेत हे तो विसरतो. पुढे जप्तीला आलेले बेलीफ घरात असताना त्यांना पाहुणे म्हणून मिरवण्याची वेळ त्याच्यावर येते. भीड भिकेची बहीण ही आपली म्हण पाच अंकांत पाहायची असेल, तर हे नाटक वाचावे.

गोल्डस्मिथ यांनी हनीवुडला शेवटी सुधारून घेतले. विल्यम हॅझलिट यांनी मात्र दया दाखवली नाही. १८१७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या निबंधात म्हटले आहे की 'गुड नेचर' म्हणून ओळखला जाणारा गुण सर्व सद्गुणांत सर्वाधिक स्वार्थी असून दहापैकी नऊ वेळा तो केवळ स्वभावाचा आळस असतो. असा माणूस रागावत नाही, कारण रागावण्याचे कष्ट त्याला नको असतात. अन्याय दुसऱ्यावर होत असेल तोवर त्याची झोप मोडत नाही, आणि स्वतःच्या पायाला काटा बोचला की त्याचा भलेपणा संपतो. हॅझलिट नेपोलियनचे चाहते होते आणि वॉटर्लूनंतरच्या इंग्लंडमध्ये एकटे पडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कडवटपणाचा उगम समजतो. तरीही निरीक्षण खोटे ठरत नाही. फील्डिंग यांच्या व्याख्येत इतरांसाठी धावून जाणे होते. हॅझलिट यांच्या काळापर्यंत उरले होते ते न चिडणे. एकाच शब्दातून कृती निघून गेली आणि शांत चेहरा मागे राहिला.

याच सुमारास, १८१५ च्या अखेरीस आलेल्या ऑस्टेन यांच्या 'एमा' कादंबरीत नाइटली हे फ्रँक चर्चिलविषयी म्हणतात की हा तरुण 'अमिएबल', म्हणजे लाघवी, असेल तर फ्रेंच अर्थाने असेल, इंग्रजी अर्थाने नव्हे. वागण्यात गोड, बोलण्यात गोड, पण दुसऱ्याच्या भावनांविषयीची इंग्रजी नाजूक जाण त्याच्याकडे नाही. क्लॅरेंडन यांचा राष्ट्राभिमान येथे दीडशे वर्षांनी पुन्हा ऐकू येतो. मात्र आता त्यात एक धास्तीही आहे की बाहेरचा गोडवा आणि आतला भलेपणा यांना एकच शब्द चालू लागला आहे. पुढे इंग्रज समाज ज्या काळात कर्तव्य, तत्त्व आणि चारित्र्य यांची भाषा बोलू लागला, त्या काळात उपजत भलेपणाला पूर्वीची प्रतिष्ठा राहणे कठीणच होते. आज 'गुड-नेचर्ड' हे विशेषण कुत्र्याला, मित्रांतल्या चेष्टेला किंवा शांतपणे पांगलेल्या गर्दीला लागते.

प्रश्न : 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये धर्मोपदेशक मिस्टर कॉलिन्स हे आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीन यांच्या 'कंडिसेन्शन'ची तोंड भरून स्तुती करतात. आज तर कोणी 'कंडिसेंडिंग', म्हणजे दुसऱ्याला कमी लेखणारा, म्हटले की भांडण होते. कॉलिन्स मूर्ख असल्यामुळे त्यांनी चुकीचा शब्द वापरला, असे समजावे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कॉलिन्स मूर्ख आहेत, पण शब्द बरोबर वापरतात. आपल्या पायरीवरून स्वखुशीने खाली उतरून लहान माणसाला बरोबरीने वागवणे हा तेव्हा मोठ्यांचा गुण होता, आणि जॉन्सन यांच्या कोशात दिलेला अर्थही जवळपास हाच आहे. विनोद शब्दात नाही, तो लेडी कॅथरीन यांच्या वागण्यात आहे, कारण त्या कधी पायरी उतरतच नाहीत. गुणाचा दोष झाला तो समाजाच्या बाजूने. पायऱ्या सर्वांना मान्य होत्या तोवर खाली उतरणे ही मेहेरबानी होती; पायऱ्याच नाहीत असे माणसे मानू लागल्यावर खाली उतरण्याचा आविर्भाव हाच अपमान झाला. 'पेट्रनाइज', म्हणजे आश्रय देणे, या क्रियापदाचेही तसेच झाले.

'ऑफिशस' या शब्दाकडेही जाता जाता पाहावे. आज त्याचा अर्थ नको तेथे लुडबुड करणारा असा आहे, पण जॉन्सन यांनी १७८२ मध्ये आपल्या घरी राहणारे गोरगरिबांचे वैद्य रॉबर्ट लेव्हेट वारले तेव्हा लिहिलेल्या शोककवितेत त्यांना आदराने 'ऑफिशस' म्हटले आहे, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा. दारिद्र्यात आजाऱ्यांच्या घरी पायी जाणाऱ्या त्या माणसाला त्यांना याहून चांगले विशेषण द्यायचे नव्हते.

प्रश्न : मी शासकीय कार्यालयात काम करतो. इंग्रजी पत्रांत आम्ही 'काइंडली' हा शब्द सतत लिहितो. परदेशात राहणारा माझा भाचा म्हणतो की तो शब्द तिकडे उद्धट वाटतो. दयाळूपणाचा शब्द उद्धट कसा असू शकेल?
— कनिष्ठ लिपिक, सातारा

उत्तर : भाच्याचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. 'काइंड' हा शब्द कूळ, जात, वंश या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांच्या घरातला आहे. 'किन' म्हणजे नातलग हा त्याचा भाऊबंद. त्यामुळे 'काइंड' म्हणजे आधी आपल्या जातीला साजेसा, नैसर्गिक, आणि मग रक्ताच्या माणसांशी माणूस स्वाभाविकपणे जसा वागतो तसा, म्हणजे मायेने वागणारा. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थ जिवंत होते. हॅम्लेटचा काका त्याच्या आईशी लग्न करून त्याला मुलगा म्हणू लागतो, तेव्हा हॅम्लेटच्या तोंडचे पहिलेच वाक्य या दोन शब्दांवर रचलेले आहे : नात्याने जरा जास्तच जवळचे, आणि 'काइंड' मात्र त्याहून कमी. 'किंग लिअर'मधला विदूषक म्हाताऱ्या राजाला सांगतो की तुझी दुसरी मुलगी तुला 'काइंडली' वागवील. राजाने प्रेमाने असे ऐकावे आणि प्रेक्षकांनी तिच्या जातीला शोभेल तसे असे समजावे, ही त्यातली खोच आहे.

इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात भूमीची 'काइंडली' फळे मिळोत आणि टिकोत अशी विनवणी आहे. फळांनी दयाळू असावे असे त्या प्रार्थनेत मागितलेले नाही. ज्या त्या बियाण्याला त्याच्या जातीचे पीक यावे, एवढेच मागणे आहे. आज एखाद्याला टीका मानवत नाही असे सांगताना तो ती 'काइंडली' घेत नाही असे इंग्रज म्हणतो, त्यात या जुन्या अर्थाची छटा अजून आहे.

पत्रातला 'काइंडली' पुढच्या पायरीवरचा आहे. कृपा करून अमुक करावे, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो सभ्य होता. ब्रिटनमध्ये बोलण्यातून तो हळूहळू मागे पडला आणि उरला तो मुख्यतः सूचनाफलकांवर आणि चिडलेल्या माणसाच्या तोंडी : येथे गाडी लावू नये, बाहेर निघावे, आवाज कमी करावा. ज्या शब्दाचा उपयोग फक्त दटावण्यासाठी होतो तो कानाला दटावणीच वाटू लागतो. आपल्या कार्यालयांत तसे झाले नाही. येथे 'काइंडली' हा मराठी पत्रातील 'कृपया'च्या जागी बसला, वरिष्ठाला लिहितानाही वापरला जाऊ लागला, आणि त्यात कोणालाही दटावणी ऐकू येत नाही. भारतीय इंग्रजीत तो आजही नम्र शब्द आहे, आणि येथल्या वाचकासाठी येथल्या अर्थाने लिहिण्यात काही गैर नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या किंवा मंत्रालयातल्या पत्रव्यवहारात 'काइंडली' खुशाल लिहावे. पत्र ब्रिटनला किंवा अमेरिकेला जायचे असेल तर 'प्लीज' लिहावे, किंवा आपण अमुक केल्यास आभारी राहीन अशा अर्थाचे पूर्ण वाक्य लिहावे. 'प्लीज काइंडली' असे दोन्ही एकत्र मात्र कोठेही लिहू नये.